गुणिले बावीस, भागिले तेरा

गणपती विसर्जन होऊन तीन-चार दिवस झाले होते, साल २०२४, कानात अजून साउंड सिस्टिम वाजतच होती. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत डार्क रूममध्ये पंप केसिंगवर एमपीआय (चुंबक आणि चमकणाऱ्या पावडरनं भेगा शोधायची तपासणी) करत होतो आणि खिशात मोबाईल थरथरायला लागला. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला चार-पाच मिनिटं थांबायला लागतं, आणि एकदा मोबाईलचा उजेड डोळ्यात गेला की परत पहिल्यापासून, म्हणून मी उचलला नाही. चार वेळा आला. बाहेर येऊन बघतोय तर मुंबईचा नंबर.

मी एनडीटी करतो. म्हणजे कास्टिंग, ओतीव लोखंडी भाग, न फोडता आत काय दडलंय ते बघायचं, भेग, श्रिंकेज, ब्लो होल. यूटी (अल्ट्रासाउंडची तपासणी), एमपीआय आणि पीटी (रंगाच्या द्रवाची तपासणी) यांचं लेव्हल टू, म्हणजे दुसऱ्या पातळीचं सर्टिफिकेट आहे माझं. दोन वर्षांपूर्वी कधीतरी एका कन्सल्टन्सीला सीव्ही टाकला होता आणि विसरून गेलो होतो. परत फोन लावला तर तिथलाच माणूस, हिंदीत धडाधड बोलत सुटला, सौदीत जुबेलला काम आहे, रिफायनरी साइट, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, साडेपाच हजार रियाल, राहणं-खाणं कंपनीचं, इंटरव्ह्यू साकीनाक्याला, शनिवारी या.

आता खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मी पहिलं काय केलं तर कॅल्क्युलेटर उघडला. तेव्हा रियाल बावीस रुपये तीस पैशांच्या आसपास होता. साडेपाच हजार गुणिले बावीस पॉइंट तीन, एक लाख बावीस हजार. गुणिले नऊ, अकरा लाखाच्या वर. माझ्या हातात इथं महिना ४६ हजार येतात. उचगावच्या फ्लॅटचा हप्ता १४ हजार २००. दुपारच्या डब्याला बसलो तर समोरची भाजी कुठली होती ते आठवत नाही, डोक्यात नुसते शून्य.

संध्याकाळी बावड्याच्या घरी आल्यावर बायकोला सांगितलं. (फ्लॅट अजून ताब्यात नाही, तोपर्यंत आईवडिलांच्या जुन्या घरातच आहोत.) तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "नऊ महिने म्हणजे कुठनं कुठंपर्यंत?" मी म्हणलं डिसेंबरला गेलो तर ऑगस्टअखेर. ती काहीच बोलली नाही, गॅसवरचं दूध बघायला गेली. तो प्रश्न तिनं का विचारला ते मला चार आठवड्यांनी कळलं.

शनिवारच्या इंटरव्ह्यूला शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. सकाळी सीएसएमटी, तिथनं लोकलनं घाटकोपर, मग मेट्रोनं साकीनाका. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, जिन्यातच लाईन. बिहार, यूपी, आंध्र, केरळ, सगळीकडची पोरं, हातात प्लास्टिकच्या फायली. फिटर, वेल्डर, रिगर, स्कॅफोल्डर. वेल्डर लोकांची टेस्ट दुसरीकडं होती म्हणे, सिक्स-जी, म्हणजे तिरक्या ठेवलेल्या पाइपवर. माझा इंटरव्ह्यू पंधरा मिनिटांचा, व्हिडिओवर, पलीकडं एक फिलिपिनो क्यूसी मॅनेजर. त्यानं यूटीचं कॅलिब्रेशन विचारलं, वेल्डमधला लॅक ऑफ फ्युजन (जोड नीट एकजीव न झालेली जागा) कसा ओळखतोस विचारलं. इथं मी जरा अडकलो कारण माझा हात कास्टिंगवर बसलेला, वेल्डचं काम कमी. पण जेवढं येतं तेवढं सांगितलं आणि येत नाही ते येत नाही म्हणलं. सिलेक्ट झालो.

बाहेर आल्यावर कन्सल्टन्सीच्या माणसानं हळूच सांगितलं, सर्व्हिस चार्ज साठ हजार, अर्धे आत्ता, अर्धे व्हिसा आल्यावर, आणि पासपोर्ट ओरिजिनल जमा करा.

पैसे मी दिले नाहीत. हुशारी म्हणून नाही हो, खात्यावर नव्हतेच तेवढे. पासपोर्ट मात्र दिला, व्हिसाच्या कामाला लागतोच. नशीब एवढंच की पोच पावती मागून घेतली, शिक्का मारून. येताना गाडीत झोप येईना तर ईमायग्रेटची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीची सरकारी साइट बघत बसलो. हे काम मी इंटरव्ह्यूच्या आधी करायला पाहिजे होतं, पण ते कॅल्क्युलेटरचं भूत डोक्यात होतं ना. तर तिथं रजिस्टर्ड एजंटांची यादी असते, लायसन्स नंबर टाकून बघता येतं. नंबर खरा निघाला, चालू होता. पण तिथंच कळलं की एजंटला कायद्यानं जास्तीत जास्त ३० हजार आणि वर १८ टक्के जीएसटी एवढंच घेता येतं, म्हणजे ३५ हजार ४००, आणि पावती द्यायलाच लागते. सोमवारी फोन करून एवढंच विचारलं की साठ हजारांची पावती देणार काय. तो म्हणाला, सर आपके लिए पैंतीस में कर देंगे. घासाघीस पण नाही! पंचवीस हजार एका वाक्यात गेले, म्हणजे न विचारणारे किती जण देत असतील बघा.

इथं माझ्या मावसभावाचं सांगायला पाहिजे. तो वेल्डर आहे, नववीत शाळा सोडलेला, त्यालाही दुसऱ्या एका एजंटनं गाठलं होतं, व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो म्हणून. दहावी नसल्यामुळं त्याचा पासपोर्ट ईसीआर. माझं डिप्लोमा आहे म्हणून मला ती अडचण नाही, पण ईसीआरवाल्यांना सौदी धरून १८ देशांत कामाला जायचं तर सरकारचं इमिग्रेशन क्लिअरन्स लागतं. त्यात कॉन्ट्रॅक्ट तपासलं जातं, १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमा काढायला लागतो, त्याचा हप्ता दोन वर्षांना फक्त २७५ रुपये. व्हिजिट व्हिसावर पाठवणं म्हणजे हे सगळं चुकवणं. तिथं काही झालं तर कागदावर तो कामगारच नाही, फिरायला आलेला पाव्हणा. त्याला म्हणलं, भावा, जायचं तर जा, पण या वाटेनं नको. ऐकलं त्यानं. चार दिवस माझ्यावर फुगून होता ते वेगळं.

मग ऑफर लेटर मेलवर आलं. चार पानांचं. मी ते आमच्या कास्टिंगसारखंच तपासलं, म्हणजे वरनं गुळगुळीत दिसतंय म्हणून पास करायचं नाही. शिवाजी पेठेतला माझा एक जुना दोस्त आठ वर्षं जुबेलला फिटर आहे, शुक्रवारी त्याची सुट्टी, त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक ओळ वाचून दाखवली.

"बेसिक किती लिवलंय?"

"तीन हजार. अडीच हजार साइट अलाउन्स."

तो हसायलाच लागला. "खुळ्या, साइट अलाउन्स म्हंजे साइटवर गेलास तरच. गेट पास यायला पंधरा दिवस, तीन आठवडे बी लागत्यात. तवर कॅम्पात पत्ते कुटायचं आन् नुसत्या बेसिकवर बसायचं. काय काय कंपन्या तर बेसिक बी देत न्हाईत, नो वर्क नो पे."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तिकडं गेल्यावर सेफ्टी ट्रेनिंग, एच-टू-एस या विषारी गॅसचं ट्रेनिंग, क्लायंटचं अप्रूव्हल, मग गेट पास, आणि मग कुठं पूर्ण पगाराचं मीटर चालू. पुढं ड्युटी दहा तास, सहा दिवस. सौदीचा कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास म्हणतो, वरच्या तासांना ओव्हरटाइम, पण माझ्या पत्रात दहा तास 'पगारात समाविष्ट' असं लिहिलेलं. नोकरी संपताना तिथल्या कायद्यानं वर्षाला अर्ध्या महिन्याच्या हिशेबानं जी रक्कम मिळते, तीपण 'समाविष्ट'. आणि शेवटच्या पानावर तळाला, प्रोजेक्ट लवकर संपलं तर सात दिवसांच्या नोटिशीवर कॉन्ट्रॅक्ट संपेल, आणि कामगारानं स्वतःहून सोडलं तर दोन्हीकडच्या तिकिटाचे पैसे कापले जातील. म्हणजे नऊ महिने मी बांधलेला, ते मात्र सुटे.

दोस्ताला विचारलं, मग तू आठ वर्षं का राहिलास? तो जरा थांबला. मागं कॅम्पातली खोली दिसत होती, दुमजली कॉट, दोरीवर वाळत घातलेला निळा कव्हरऑल, कोपऱ्यात इंडक्शनवर कायतरी शिजत होतं. म्हणाला, "माझं पर्मनंट हाय रं, इकामा, म्हंजे हितं ऱ्हायचा परवाना हाय, बँकेत पगार येतो, दोन वर्साला सुट्टी. तुझं येगळं. तू नऊ म्हैन्यांसाठी सगळं सोडून येणार आन् धाव्या म्हैन्याला काय?"

धाव्या म्हैन्याला काय. हेच मी धरलं नव्हतं.

मेडिकलचं सांगतो आता, कारण त्यात माझी सगळ्यात जास्त टरकली. आखाती देशांचं मेडिकल कुठल्याही डॉक्टरकडं चालत नाही, वाफिद म्हणून त्यांची ऑनलाइन सिस्टिम आहे (जुने लोक अजून गॅमकाच म्हणतात), तिथं स्लिप काढायची आणि त्यांच्या यादीतल्या सेंटरवर जायचं. रक्त, लघवी, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, आणि छातीचा एक्स-रे. फुप्फुसावर जुना टीबी बरा झाल्याचा डाग जरी दिसला तरी अनफिट करतात, आणि एका ठिकाणी अनफिट झालात की ते सगळ्या आखाती देशांना दिसतं. मला टीबी कधी झाला नाही. पण आताच्या कंपनीत यायच्या आधी तीन वर्षं मी दुसऱ्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होतो. कास्टिंगवरची चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायची, तोंडाला कधी मास्क, कधी नुसता रुमाल. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं निघायचं. सिलिकाची धूळ आत बसते, वर्षानुवर्षं काही कळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आमच्याबरोबरचे एक मामा (नात्यातले नाहीत, सगळे मामाच म्हणायचे) नंतर जिना चढताना थांबायला लागले होते.

एक्स-रेच्या खोलीत शर्ट काढून हनुवटी वर करून उभा राहिलो, "सांस रोको" म्हणाले, आणि त्या दोन सेकंदात मनात सौदी, रियाल काही नव्हतं. नुसतं ते फेटलिंगचं शेड होतं. दोन दिवसांनी ऑनलाइन स्टेटस आलं, फिट. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. बायकोला वाटलं जायचं पक्कं झालं म्हणून मी खूश आहे, तिला खरं कारण बऱ्याच दिवसांनी सांगितलं. फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी गल्फला जायचं असो नसो, हा एक्स-रे काढून बघा. हे विषयाला सोडून आहे, पण सांगायचं होतं.

एक बारीक गोष्ट, या मेडिकलची मुदत फार तर दोन-तीन महिने. व्हिसा लांबला की परत मेडिकल, परत आपल्याच खिशातनं.

सर्टिफिकेटांचं काम त्यामानानं सरळ गेलं. डिप्लोमाचं आधी राज्य सरकारकडनं अटेस्टेशन, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून शिक्का). सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल मानणाऱ्या देशांत आलाय, त्यामुळं वकिलातीची एक फेरी वाचली. मुंबईला दोनदा जायला लागलं एवढंच. घोळ झाला तो लेव्हल टूच्या सर्टिफिकेटचा. आमचं सर्टिफिकेट ज्या पद्धतीचं आहे त्यात परीक्षा तुम्ही पास झालेले असता, पण सर्टिफाय करते ती कंपनी. कंपनी सोडली की ते सर्टिफिकेट संपलं, नव्या मालकानं नव्यानं करायचं, डोळ्यांच्या टेस्टपासून. दरवर्षी ती टेस्ट असते, एक फूटभर अंतरावरनं जेगर चार्टवरची बारीक अक्षरं वाचायची. म्हणजे सौदीची कंपनी तिचं सर्टिफिकेट देणार, आणि नऊ महिन्यांनी परत आलो की तेपण संपणार. इथं नवी नोकरी शोधताना माझ्या हातात नुसते ट्रेनिंगचे आणि अनुभवाचे कागद.

आता टॅक्स. शाहूपुरीत एक सीए आहेत, शाळेतल्या मित्राचे थोरले भाऊ, आम्ही दादाच म्हणतो. त्यांच्याकडं गेलो ते सहज, एनआरआय खातं कसं काढायचं विचारायला. माझ्या डोक्यात पक्कं होतं की गल्फचा पगार टॅक्स फ्री. दादांनी पहिलं विचारलं, "जाणार कधी, येणार कधी?" (सगळ्यांना तारखाच पडलेल्या!) मी म्हणलं डिसेंबर ते ऑगस्ट. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि बोटं ठेवत दिवस मोजले. एप्रिल २०२४ पासून नोव्हेंबरपर्यंत तू इथंच, १८२ दिवस केव्हाच झाले, म्हणजे या वर्षी तू रेसिडेंट. पुढच्या वर्षी सप्टेंबरपासून मार्चपर्यंत परत इथंच, २०० च्या वर दिवस, परत रेसिडेंट. "तू एनआरआय कधी झालासच नाहीस की रे."

मी म्हणलं म्हणजे?

म्हणजे सौदीत टॅक्स नाही ते बरोबर, पण रेसिडेंट माणसाला जगात कुठंही मिळालेलं उत्पन्न इथं दाखवायला लागतं आणि त्यावर इथला टॅक्स. कामासाठी जाणारा १८२ दिवस भरायच्या आत, म्हणजे सप्टेंबर संपायच्या दोन-तीन दिवस आधीच निघाला आणि मार्च संपेपर्यंत आला नाही तर त्या वर्षी सुटतो. नऊ महिनेच, पण जुलैत निघून पुढच्या एप्रिलला आला असता तर पहिलं वर्ष कोरडं गेलं असतं. माझे नऊ महिने बरोबर मार्चच्या दोन बाजूंना फाटलेले. दादांनी लगेच आकडा काढून दिला, इथले आठ महिने आणि तिथले चार मिळून साडेआठ लाखांच्या वर, स्टँडर्ड डिडक्शन ७५ हजार वजा केलं तरी त्या वर्षीची ७ लाखांची रिबेटची (टॅक्समाफीची) मर्यादा ओलांडतोस, मग रिबेट जाते आणि टॅक्स सेससकट २९-३० हजार. शिवाय आयटीआर-२ भरायचा आणि तिथलं बँक खातं फॉरेन अॅसेटच्या शेड्यूलमध्ये दाखवायचं. वीस लाखांपर्यंतच्या रकमेवरचा दंड तेव्हा नुकताच काढला होता, पण दाखवायला लागतंयच. रक्कम फार मोठी नाही. पण मी ती धरलीच नव्हती, आणि ज्या ज्या पोरांना विचारलं त्यांतल्या एकानंही धरलेली नव्हती.

जाताना दादा म्हणाले, "तू बावीसनं गुणलंयस ते ठीक आहे. भागलंयस कितीनं?"

नऊनं, म्हणलं.

"नऊ कुठनं आले? राजीनामा दिल्यापासून परत इथं पहिला पगार होईपर्यंत किती महिने, त्यानं भाग."

त्या रात्री पोराच्या चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. राजीनामा दिल्यावर व्हिसा-तिकीट होईपर्यंत दोन महिने धरा. नऊ महिने तिकडं. परत आल्यावर नोकरी मिळायला दोन. झाले तेरा. वर अकरा लाख चार हजार. त्यातनं एजंट ३५ हजार ४००, मुंबईच्या फेऱ्या-मेडिकल-कागदपत्रं मिळून २० हजार, टॅक्स ३० हजार. कंपनीचं मेडिक्लेम बंद होणार, त्यात आई-आण्णा दोघं आहेत आणि आण्णांना शुगर, तर चौघांची नवी पॉलिसी ३८ हजार. तिथं हातखर्च, रिचार्ज, साबण-बिबण, महिना सहाशे रियाल, नऊ महिन्यांचे एक लाख वीस हजार. आणि ग्रॅच्युइटी. मी या कंपनीत जून २०२० ला लागलो, लॉकडाऊन जरा उघडल्यावर. पाच वर्षं व्हायला आठ महिने कमी. तेव्हा सोडली असती तर शून्य, पाच वर्षं भरली तर पंधरा दिवसांच्या हिशेबानं ६० हजार. ते पण वजा. उरले आठ लाख. भागिले तेरा, साडेएकसष्ट हजार.

इथं ४६. फरक साडेपंधरा. आणि यात गेट पासचे तीन आठवडे धरलेले नाहीत, प्रोजेक्ट सातव्या महिन्यात गुंडाळलं तर तेही धरलेलं नाही.

साडेपंधरा हजार कमी नाहीत हे मला माहीत आहे. आमच्या हप्त्यापेक्षा जास्त आहेत. ज्याच्याकडं इथं २० हजाराची नोकरी आहे किंवा नोकरीच नाही त्यानं हाच हिशेब मांडला तर उत्तर वेगळं येईल आणि त्यानं खुशाल जावं. मला त्या एक लाख बावीस हजारांची सवय झाली होती ना चार आठवडे, म्हणून साडेपंधरा वाचून घरात कोणीतरी खिसा कापल्यासारखं वाटलं.

बायकोचा प्रश्न त्याच रात्री सुटला. वही तिच्यापुढं ठेवली. तिनं पैशाकडं बघितलंच नाही. म्हणाली, "जुलै-ऑगस्टला तू तिकडं. पाणी आलं तर आण्णांना कोण उचलणार?"

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. आमचं घर बावड्याच्या खालच्या अंगाला, राजाराम बंधारा जवळ. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, पावसाळ्यात आमच्या घरात हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारले जातात. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ ला मी आण्णांना पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातनं बाहेर काढलं होतं, ती पोराला कडेवर घेऊन मागं, आई डोक्यावर कागदपत्रांची पिशवी घेऊन. हायवे शिरोलीजवळ बंद. त्या जुलैतही, म्हणजे २०२४ ला, नदी धोक्याच्या वर गेलीच होती, आम्ही दोन रात्री जागे. नऊ महिने म्हणजे कुठनं कुठंपर्यंत, ते ती याच्यासाठी विचारत होती. मी म्हणलं माझा चुलतभाऊ आहे की. ती म्हणाली, त्याचं घर आपल्यापेक्षा खाली आहे.

तरी मी मालकांना एकदा विचारून बघितलं. बिनपगारी रजा मिळाली तर गणितच बदलतं, परत आल्यावरचे दोन महिने वाचतात, ग्रॅच्युइटी वाचते, मेडिक्लेम राहतं. केबिनमध्ये उभ्या उभ्याच सांगितलं. मालक चिडले नाहीत. म्हणाले, लेव्हल टू दोघंच आहात, एक नऊ महिने गेला तर एक्स्पोर्टचा माल कोण पास करणार, मला नवा माणूस घ्यायलाच लागेल आणि त्याला नऊ महिन्यांनी काढू कसा? मग म्हणाले, दीड-दोन महिन्यांचं असतं तर बघू म्हणलो असतो. पगारवाढीचं दोघंही काही बोललो नाही. मनात होतं, पण जीभ उचलली नाही. त्याची अजून चुटपुट आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी कन्सल्टन्सीला नाही कळवलं. तिथंही नाटक झालं, पासपोर्ट परत पाहिजे तर पाच हजार कॅन्सलेशन भरा. कशाचे म्हणलं? व्हिसा प्रोसेस सुरू झालीय. मी म्हणलं व्हिसा नंबर दाखवा, नाहीतर पोच पावती जोडून ईमायग्रेटवर तक्रार टाकतो. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी, येऊन घेऊन जावा. परत महालक्ष्मी, परत घाटकोपर, परत जिना. जिन्यात तशीच लाईन होती. पासपोर्ट रबर लावलेल्या गठ्ठ्यातनं काढून दिला, शंभरएक तरी असतील त्यात. मी तिथंच पानं चाळून बघितली, स्टॅम्प वगैरे काही नव्हता.

माझ्याबरोबर इंटरव्ह्यूला सांगलीचा एकजण होता, तो गेला. डिसेंबरला नाही, फेब्रुवारीत, मेडिकल दोनदा करून. पण गेला, आणि काम पूर्ण करून आला, बरे पैसे घेऊन आला. त्याचं लग्न झालेलं नाही, आईवडील भावाकडं. मधनंमधनं त्याचे स्टेटस बघून मला वाटायचं की आपण नुसताच हिशेब करत बसलो. अजूनही कधी कधी वाटतं.

जून २०२५ ला माझी पाच वर्षं भरली. दिवाळीनंतर दुसऱ्या एका कन्सल्टन्सीचा फोन आला, शटडाऊनचं (प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं) काम, ५५ दिवस, जानेवारी ते मार्च. यावेळी कॅल्क्युलेटर काढला नाही. विचारलं, गेट पास येईपर्यंत स्टँडबाय पगार किती आणि कुठल्या दिवसापासून? व्हिसा कुठला? परतीचं तिकीट कोणाचं? दिवस कमी झाले तर किमान किती दिवसांचे पैसे? पलीकडची मुलगी म्हणाली सर, हे सगळं कोणी विचारत नाही. मी म्हणलं मेलवर पाठवा, मग पासपोर्टचं बघू. मालकांना सांगून ठेवलंय, दोन महिन्यांच्या आत असेल तर चालेल म्हणालेत, ज्युनियर पोराची लेव्हल टूची परीक्षा तोपर्यंत झाली पाहिजे एवढीच अट. मग रोज संध्याकाळी ड्युटी संपल्यावर अर्धा तास त्याला डार्क रूममध्ये घेऊन बसतो, हिरवी रेघ खरी भेग आहे का नुसता कडेचा भास आहे ते दाखवत.

मेल अजून आलेला नाही. पासपोर्ट घरी आहे, घराच्या उताऱ्याबरोबर, पुराच्या वेळी सगळ्यात आधी उचलायच्या पिशवीत.